भुसा पोटात घेऊन आलेला डिफरन्शियल

मित्रांनो, मी एक जुना डिफरन्शियल आहे. नाव अवघड असलं तरी काम सोपं आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक जास्त पळतं आणि आतलं कमी. त्या दोघांना आपापल्या चालीनं जाऊ द्यायचं, एवढंच मी करतो. दोन मागच्या चाकांच्या मधोमध बसून आयुष्य काढलं, पण मध्यंतरी माझा कुणावर विश्वास उरला नव्हता.

त्याला कारणही तसंच घडलं. माझी पहिली गाडी मोडीत निघाली, तेव्हा भंगारवाल्यानं माझ्या पोटात तेलाबरोबर लाकडाचा भुसा भरला. भुशानं आवाज दबतो आणि गिऱ्हाईक फसतं. मग एका मेकॅनिकनं मला घरी नेऊन उघडलं आणि तो भुसा पाहिला. "लबाड आहे हा," तो म्हणाला. लबाडी भंगारवाल्याची आणि नाव माझं खराब! धुतल्यावर माझ्या गिअरांचे दात धड निघाले, तरी त्याची नजर काही निवळली नाही.

मेकॅनिक आपल्या धाकट्या बहिणीसाठी छोटी चारचाकी बांधत होता. इंजिन त्याच्याच जुन्या मोटरसायकलचं होतं, ब्रेक आणि क्लच हातानं चालणारे. बहिणीच्या पायांत लहानपणापासून जोर नव्हता. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात तिला कापड बेतायचं काम मिळालं होतं, पण सुट्टी संपून शाळा उघडायच्या आत तिला तिथं रोज आपलं आपण जाणं सुरू करायला हवं होतं. नाहीतर जागा दुसरीला जाणार होती.

मी बाकाखाली पडून सगळं ऐकत होतो. आधी तिच्या दादानं, म्हणजे मेकॅनिकनं, मालाच्या टेम्पोचे कमानपाटे आणले, चाकांचे धक्के झेलणारे पोलादी पाटे. ते इतके कडक होते की खड्ड्यात बहीण टोपीसारखी उडाली असती. मग मऊ स्प्रिंगा आणल्या, तर वळणावर गाडी कलंडेल म्हणाला. मग प्रत्येक चाकाला वेगळे दांडे लावायचं ठरलं आणि दोन दिवसांत तेही बारगळलं. रोज नवं खुसपट निघायचं. एवढा हुशार माणूस, याला साधे पाटे निवडता येईनात? माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बहीण स्टुलावर बसून पाट्यांच्या सांध्यांत बसणारे रबरी बुश घासायची. तीही मान वर करून भावाकडे बघायची, पण तो ताकास तूर लागू देत नव्हता.

एका दुपारी तो वेल्डिंगची कांडी घेऊन माझ्यापाशी बसला.

"याचे आतले गिअर जोडूनच टाकतो," तो म्हणाला. "दोन्ही चाकं बरोबर फिरतील. कटकट नको."

मला छाती नाही, पण धस्स झालंच.

"मग वळताना?" बहिणीनं विचारलं.

"वळताना स्टिअरिंग जड जाईल. पण मी असेनच की शेजारी."

बहिणीनं हातातला बुश खाली ठेवला. "दादा, मला एकटीला चालवताच येऊ नये, अशी गाडी बांधतोयस का?"

"वेडी आहेस का?" तो म्हणाला, पण कांडी त्यानं पेटवली नाही. ती बोटांत फिरवत बोलला, "रस्त्यात बंद पडली तर तुला उचलणार कोण?"

"बसून राहीन. बसायची सवय आहे मला."

दादा हसला, मग त्याचे डोळे भरून आले. त्यानं कांडी कपाटात टाकली. टेम्पोच्याच पाट्यांतलं मधलं एक पातं काढून ते नरम केले, मला त्यांच्यावर आवळलं आणि पोटात स्वच्छ तेल भरलं.

पहिल्या दिवशी तो गाडीबरोबर कोपऱ्यापर्यंत धावला. तिथं बहिणीनं गाडी वळवली. बाहेरचं चाक पळालं, आतलं मागं राहिलं आणि मी चकार शब्द काढला नाही. दादा कोपऱ्यावरच थांबला.

अजूनही रोज संध्याकाळी तो माझ्याजवळ गुडघे टेकतो. आधी वाटायचं, कांडी घेऊन आला. पण तो फक्त माझ्या पोटावर हात ठेवतो. मी गार असलो की बहीण जवळच गेली होती. गरम असलो की लांब. तिला तो काही विचारत नाही.

मित्रांनो, आमचं तेल वेळेवर बदला, आणि कंटाळा आला म्हणून आमचे गिअर जोडून टाकू नका. आज माझं पोट चांगलंच गरम आहे, आणि दादाचा हात अजून तिथंच आहे.