सोमवारची भूक

“सोमवारी गोळी घेतच नाही तू?” दिपालीचा आवाज चढला. “काहून वं आई? इतके वर्षं?”

कौशल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “गोळी जेवल्यावर घ्या म्हणत. सोमवारी उपास रायते माहा.”

डॉक्टर अरुंधतींनी रिपोर्ट बाजूला सारला. एचआयव्हीच्या जुन्या गोळ्यांना तिच्या अंगातला विषाणू जुमानेनासा झाला होता. का, ते आत्ता कळलं.

“आम्हीच विचारायला हवं होतं, मावशी,” त्या म्हणाल्या. “एक नवी गोळी आहे. अजून चाचणीत आहे, लागू पडेलच असं म्हणत नाही. कसं आहे, हा विषाणू एकटा काहीच करू शकत नाही. आपल्या पेशीत शिरतो आणि तिथलीच एन्झाइम, म्हणजे आतले कामकरी, स्वतःसाठी राबवून घेतो. जुन्या गोळ्या त्यालाच धरायच्या. तो रूप पालटून निसटला. ही गोळी त्याच्या मागे लागत नाही. आपल्याच एका कामकऱ्याचे हात धरून ठेवते.”

कौशल्यानं पहिल्यांदा मान वर केली. “त्याचं काय चुकलं?”

“कोणाचं?”

“त्या कामकऱ्याचं. घरात आला त्याले वाढलं त्यानं.”

“काहीच नाही चुकलं. पण तो असाच वाढत राहिला तर घर उरत नाही, मावशी. गोळी मात्र रोज हवी, भरल्या पोटी. वार चुकवलात तर मला तुम्हाला चाचणीत ठेवता येणार नाही. आणि दुसरं फारसं काही माझ्याकडे उरलेलं नाही.”

लकडगंजातल्या लाकूड चिरायच्या आरा-मशीनच्या मागं कौशल्याची खोली. लाकडाचा भुसा उंबऱ्यावर येऊन बसे, झाडला तरी पुन्हा बसे. तिथल्या मजुरांचे डबे करण्यात तिचा जन्म गेला होता. याच खोलीत एका सोमवारी तिचा नवरा चंपतराव गेला. ट्रकवरच्या नोकरीतून तो घरी आला, तो हा आजार घेऊन. आणि तिनं त्याला दार उघडलं, पाणी दिलं, अंथरूण घातलं. शेवटी त्याचं तोंड फोडांनी भरलं होतं. “कौशल्ये, भूक लागली वं,” म्हणाला. पेज गरम होती. ती फुंकर घालत बसली, आणि पेज निवली तोवर तोही निवला होता.

तेव्हापासून सोमवारी भर दुपारी तो यायचा. आधी डिझेलचा वास, मग ओल्या ताडपत्रीचा, मग तो. डोळ्यांत राग नाही, लोभ नाही, नुसती भूक. तिनंही मग त्या दिवशी अन्न सोडलं. तो उपाशी, ती उपाशी. एवढाच संसार उरला होता दोघांचा, तो ती जपत होती.

नवी गोळी सुरू झाल्यावरच्या पहिल्या सोमवारी दिपाली कामावर गेली नाही. सदर भागातल्या मोबाइलच्या दुकानात ती नोकरीला होती.

“मालक काढून टाकन तुले.”

“टाकू दे. नोकरी भेटते दुसरी. आई ऑनलाइन भेटत नाही. बस खाली.”

भाकर, वांग्याची भाजी, पाण्याच्या पेल्याशेजारी गोळी. कौशल्यानं घास मोडला, आणि डिझेलचा वास आला.

दाराच्या चौकटीला टेकून तो उभा होता. “कौशल्ये, भूक लागली वं.”

तिचा हात सवयीनं ताट पुढं सरकवायला निघाला. जन्मभर असाच निघालेला हात. तिनं दुसऱ्या हातानं आपल्याच त्या हाताचं मनगट धरलं. धरून ठेवलं.

“मलेही लागली,” ती म्हणाली.

“काय म्हणते वं?” दिपालीनं विचारलं.

“काही नाही. ठेचा दे थोडा.”

तिनं घास तोंडात घातला, चावून गिळला. तिला वाटलं, तो निघून जाईल. तो गेला नाही. बघत राहिला. नवऱ्याचं ताट उचलल्यावर, चुलीकडं तोंड करून, उरलेलं खाणारी ती. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिला जेवताना एकदाही पाहिलं नव्हतं.

कौशल्यानं पाठ फिरवली नाही. त्याच्याकडं तोंड करून तिनं दुसरा घास घेतला.