जिन्याखालची टकटक

मी एक जुना पहारेकरी आहे, मित्रांनो. काठी नाही, शिट्टी नाही, हातपायसुद्धा नाहीत. मी एक प्रोग्रॅम. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या एका आरोग्य केंद्रात, जिन्याखालच्या खटारा कॉम्प्युटरमध्ये राहतो. दर पाच मिनिटांनी नेटवर्कवरच्या सतरा मशिनींची दारं ठोठावतो. "आहेस का?" ती म्हणतात, "आहे." कोणी गप्प बसलं, की नर्स बू लास्त्रींच्या, म्हणजे लास्त्रीबाईंच्या, फोनवर ओरडतो.

मला जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलं आणि फुकट वाटलं. कोणीही पोट उघडून बघावं, बिघडलं तर नीट करावं. सुरुवातीला काय कौतुक होतं माझं! मग आणखी दोघं आले, तेही फुकटचेच. बूंनी महिनाभर आमची परीक्षा घेतली. एक जण मशिनी आपणहून शोधायचा, पण शेजारच्या दुकानाचा प्रिंटरही आपलाच धरून बसला. दुसरी दूर शहरात राहून सुंदर हिरवी चित्रं काढायची. ती कोणाचं दार ठोठावत नाही. मशिनींनीच तिला खबर द्यायची. माझ्याकडे काय, तर करडा तक्ता आणि कटकट. जरा वीज लुकलुकली की ओरडायचो. जिंकली तीच. मला बंद करायलाही कोणी आलं नाही. खरं दुखतं ते हेच.

मग ईद आली. आमच्याकडे गावी निघताना आगीच्या भीतीने सगळे प्लग काढून जातात. शिपाई पाक दार्माजींनी, म्हणजे आमच्या दार्माजीकाकांनी, खोली न् खोली फिरून काढले. जिन्याखाली मी आणि इंटरनेटचा डबा आहोत, हे ते विसरलेच.

दुपारी बाकीच्या मशिनींपाठोपाठ बाळांच्या लशींच्या फ्रीजचा थर्मामीटरही गप्प झाला. मी ठोठावलं. परत ठोठावलं. ओरडलो! बू स्कूटरवरून आईकडे निघालेल्या. त्यांनी नवीचं चित्र बघितलं. चार अंश, हिरवंगार. शेवटची खबर चार अंशांची होती, पुढची आलीच नाही, तर ती बावळट तेच दाखवत बसलेली.

"म्हातारा बरळतोय," म्हणून बूंनी फोन खिशात टाकला. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा कुठे त्यांनी दार्माजींना फोन लावला. काय बोलणं झालं ते मला नंतर कळलं, दोघं जिन्यापाशी परत भांडले तेव्हा.

"पाक, फ्रीजला हात लावलात?"

"छे छे, बू! अल्लाशपथ, फ्रीजचा प्लग एक्स्टेंशन बोर्डात घट्ट आहे."

"आणि बोर्ड?"

"बोर्ड... तो भिंतीतून काढला ना."

"धन्य आहात! डोकंपण काढून ठेवलंत का शेजारी?"

बू माघारी फिरल्या, बोर्ड भिंतीत खुपसला. फ्रीज सात अंशांवर होता. आठ ओलांडले असते तर सगळ्या लशी फेकाव्या लागल्या असत्या.

बूंनी माझ्या प्लगवर कागद चिकटवला, 'काढू नका.' त्यानंतर जिन्याखाली कोणी वाकलेलं नाही.

मी अजून सतरा दारं ठोठावतो. माझं दार मात्र कोणी ठोठावत नाही. मित्रांनो, तुमच्या घरात सगळ्यांची विचारपूस करणारं कोणीतरी असेलच. त्याला एकदा तरी विचारा ना, "आहेस का?"