यंत्राच्या अंगातला शनी

"मागे सरका! शनीच्या नजरेसमोर उभे राहू नका!"

यंत्रेश्वर स्वामींचा चेला ओरडला, तशी आमच्या चॉकी केंद्राच्या, म्हणजे रेशमाचे कोवळे किडे वाढवायच्या जागेच्या, दारातली गर्दी मागे सरकायची सोडून एक पाऊल पुढे आली. आमचं होन्नेकेरे गाव हे असं आहे. शनी बघायला मिळतोय म्हटल्यावर कोण मागे सरकतो? कडेवर पोरं घेतलेल्या बाया होत्या, काठी टेकलेले म्हातारे होते. शिडलघट्ट्याच्या बाजारात कोष विकून परतणारे गडी तर टेम्पोतून अर्ध्या वाटेत उतरले होते. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या एका राखाडी डब्यावर खिळलेले.

त्या डब्याचं काम एवढंच, की सुरू झाल्यापासून किती सेकंद गेले ते मोजायचं आणि ठरल्या वेळी धुक्यासारखे बारीक फवारे सोडायचे. आत ट्रेमध्ये रेशमाची पिल्लं असतात, मोहरीएवढ्या डोक्यांची. हवा कोरडी पडली की त्यांच्यासमोरचं तुतीचं पान वाळतं आणि पानावर बसल्या बसल्या ती उपाशी मरतात. गावातल्या प्रत्येक घराचं पीक याच खोलीत जन्म घेतं. मी, अंजिनप्पा, पिल्लं वाढली की टेम्पोत घालून घरोघर पोचवतो. केंद्र माझ्या मेहुण्याचं, चिक्कमुनियप्पाचं.

त्या दिवशी डबा मुका झाला होता. फवारा नाही की काही नाही. काचेवर एकच आकडा गोठलेला: २०९७१५२.

"बेरीज करा!" स्वामी गरजले. "दोन, नऊ, सात, एक, पाच, दोन! किती झाले?"

"सव्वीस!" गर्दी म्हणाली.

"दोन आणि सहा?"

"आठ!"

"आठ कोणाचा?"

"शनीचा!" पोरं तर टाळ्या पिटायला लागली.

"मागच्या वेळी कुठे थांबलं होतं? याच आकड्यावर! त्याच्या मागच्या वेळी? याच! आणि थांबण्याआधी आठवडाभर यंत्राला धाप लागते की नाही? भराभर मोजतं, भराभर फवारे मारतं. अरे, अंगात शनी चढल्यावर श्वास वाढणारच!"

हे मात्र खरं होतं. डबा थांबायच्या आधी घाई करायचा, हे मी स्वतः पाहिलं होतं. म्हणून तर मीही ती बेरीज बोटांवर परत करून पाहिली.

स्वामींनी डब्यावर लाल कापड टाकलं, दोन्ही हात कापडाखाली घातले आणि डोळे मिटले. "ॐ पॉझिटिव्हाय नमः, ॐ निगेटिव्हाय नमः, ॐ न्यूट्रलाय नमः! हे शनिदेवा, तुझी दुष्ट शक्ती अर्थिंगमध्ये जाऊ दे, जमिनीत जाऊ दे, पाताळात जाऊ दे!" पूर्वी हे गृहस्थ चिंतामणी शहरात टीव्ही दुरुस्त करायचे. मंत्रांना सोल्डरचा वास येतो तो त्यामुळे.

टिक. कापडाखाली बारीकसा आवाज झाला. स्वामींनी कापड ओढलं. काचेवर शून्य, एक, दोन, तीन... आणि फुस्सकन फवारा उडाला. बायांनी हात जोडले. माझ्या मेहुण्याने स्वामींच्या पायांवर डोकं ठेवलं.

इथवर हसून सोडून दिलं असतं. पण स्वामींचं बोट गर्दीवरून फिरत फिरत तायम्मावर येऊन थांबलं.

तायम्मा आमच्याकडे पानं चिरते. पहिल्या दिवसांच्या पिल्लांना पान केसासारखं बारीक लागतं, आणि तसं चिरणारा हात तालुक्यात दुसरा नाही. चिरता चिरता गुणगुणते:

कोवळं तुतीचं पान, चिरिते मी केसावाणी
माझ्या तान्ह्याच्या मुखात, जाऊ दे गं लोण्यावाणी

ती तान्हं म्हणते ते किड्यांना. नवरा गेल्यावर आमच्याकडे आली, तेव्हापासून हीच तिची लेकरं.

"ही कधीपासून येते?" स्वामींनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून, स्वामी," मेहुणा म्हणाला.

"आणि यंत्र थांबायला कधी लागलं?"

मेहुण्याचा चेहरा उतरला. "उन्हाळ्यापासूनच."

"बाई चार दिवस बाहेर बसत नसणार. विटाळ लपवून आत येते. शनी तिच्याच पदराला धरून येतो."

आमच्याकडे रीत आहे. पाळी आलेली बाई किड्यांच्या खोलीत जात नाही. ती रीत मोडल्याचा आळ, तोही भर गर्दीत, पुरुषांच्या देखत. तायम्माचा विळा हातातच राहिला.

"मी बसते बाहेर," ती एवढंच म्हणाली. "दर महिन्याला बसते. गंगव्वाला विचारा."

तिच्याबरोबर केंद्रात काम करणाऱ्या गंगव्वाने मान खाली घातली. तिच्याही घरी किडे होते ना.

त्या दिवसापासून तायम्माला केंद्राचं दार बंद झालं. पण दार एकटं बंद होत नाही. होन्नेकेरेत प्रत्येक घर किड्यांचं. पडवीत ट्रे, माजघरात किड्यांनी कोष विणायच्या बांबूच्या चंद्रिका, खाटेखाली पानं. जिला किड्यांच्या खोलीत मनाई, तिला गावातल्या सगळ्याच घरांत मनाई. सख्ख्या बहिणीने तिला नाचणीचे मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, उंबऱ्याबाहेर वाढले. तिचा पाच वर्षांचा भाचा मावशीकडे धावला, तर त्याला दंडाला धरून मागे ओढलं. पुढच्या पूजेला स्वामी गावाच्या वेशीवर "बंधन" घालणार होते. मग तिला गावच सोडावं लागणार होतं.

मी मेहुण्याला म्हटलं, "अरे, डब्याला पाळी कळते का?"

"भावजी, तुम्हाला देवाधर्मातलं काय कळतं? तुम्ही टेम्पो चालवा."

पारावरच्या म्हाताऱ्यांना विचारलं, तर एक म्हणाला, "असेल खोटं. पण पीक गेलं तर तू भरून देणार का?" चार माणसांना चार दिवस विचारलं. सगळ्यांच्या तोंडी हेच, असेल खोटं, पण. त्या "पण"ला भिंत समजून मी डोकं आपटून घेतलं असतं.

शेवटी टेम्पो काढला आणि तालुक्याला हेमावती टीचरकडे गेलो. ती आमच्याच गावची लेक, पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते. माझं सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "थांबतो तेव्हा आकडा कोणता?"

मी खिशातून ताईत काढला. स्वामींनी तो आकडा तांब्याच्या पत्र्यावर कोरून घरोघर वाटला होता, शनीला बांधायला.

टीचरने ताईत वाचला आणि ती खो खो हसत सुटली. "अण्णा, शनी तर शनी, पण हा गणितातला शनी! दोनाला दोनाने गुण. चार. परत दोनाने, आठ. सोळा. बत्तीस. असा चढत जा. एकविसाव्या पायरीवर हाच आकडा येतो."

"म्हणून काय झालं?"

"इकडे ये." तिने खडू घेऊन अंगणातल्या फरशीवर सात चौकोन काढले. "आधी सांग, एकाचे तीन सारखे भाग दशांशात लिहिशील?"

"शून्य, टिंब, तीन, तीन, तीन, तीन..."

"संपलं?"

"ते कुठे संपतंय, टीचर!"

"तसंच त्या डब्याचं. त्याला दोनाचीच भाषा येते. अर्धा, पाव, अर्धपाव, छटाक, हे त्याला नेमके लिहिता येतात. पण एकाचा दहावा भाग त्याच्या भाषेत कधीच संपत नाही. मग तो कुठेतरी तोडतो आणि जवळपासचं लिहितो. आता तुझा डबा करतो काय, तर दर दशांश सेकंदाला आधीच्या बेरजेत एक दशांश मिळवतो. दिवसभर, रात्रभर."

"मिळवू दे की."

"आकडा लिहायला त्याच्याकडे घरं मोजकी. समज, ही सातच." तिने चौकोनांत लिहिलं: बारा, टिंब, पुढे पाच अंक. "आकडा लहान, तर बारीक भागाला भरपूर घरं. आकडा फुगला की टिंब उजवीकडे सरकतं आणि बारीक भागाची घरं मोठे अंक खातात. हे टिंब एका जागी ठरत नाही, तरंगत राहतं." तिने पुसून सातही घरं भरली: १२३४५६७. "यात एक दशांश मिळव."

मी खडू घेतला आणि तसाच उभा राहिलो. "कुठे लिहू? घरच उरलं नाही."

"मग काय करशील?"

"सोडून देईन."

"डबाही सोडून देतो. पुढचा दशांश?"

"तोही जाणार."

"लाख वेळा मिळवला तरी आकडा तिथल्या तिथे. त्याला वाटतं आपण मोजतोय. मोजतोय खरंच, पण शून्य मिळवतोय. वीस लाखांच्या त्या पायरीवर त्याचं शेवटचं घर पावाचं उरतं. दशांश अर्ध्या पावापेक्षाही कमी, म्हणून तो धरला शून्य. त्याच्या आधीच्या पायरीवर शेवटचं घर अर्धपावाचं असतं. दशांश त्याच्या जवळचा, म्हणून पुरा अर्धपाव धरला जातो. दर वेळी थोडं जास्त."

"म्हणून धाप!" मी ओरडलोच.

"म्हणून धाप. आणि बंद करून चालू केला की शून्यापासून सुरू."

"पण मग आधीची दोन वर्षं का नाही थांबला?"

तिने माझ्याकडेच बघितलं. "तू सांग. उन्हाळ्यात केंद्रात नवीन काय आलं? तायम्मा सोडून."

मी कपाळावर हात मारला. इन्व्हर्टर! त्याआधी आमच्याकडे दिवसातून चारदा वीज जायची आणि दर वेळी डबा आपोआप शून्यावर यायचा. इन्व्हर्टर आला आणि डब्याला पहिल्यांदाच इतकं मोजायची संधी मिळाली. ज्या आठवड्यात तायम्मा आली, त्याच आठवड्यात तो बसवला होता. इन्व्हर्टरला पाळी येत नाही, म्हणून त्याच्यावर कोणी आळ घेतला नाही.

बंधनाच्या दिवशी केंद्रापुढे पुन्हा तीच गर्दी. तायम्मा रस्त्यापलीकडे, पिंपळाखाली एकटी. टीचर माझ्या टेम्पोतून उतरली ती सरळ डब्यापाशी गेली.

"स्वामी, शनी आत्ता आहे का यात?"

"आत्ता मी त्याला दाबून ठेवलाय."

"मग मी बोलावते." वीज गेल्यावर मोजणी पुढे चालू करता यावी म्हणून डब्यात आकडा भरायची सोय असते. तिने वीस लाख सत्त्याण्णव हजार शंभर भरला. "बघा. तायम्मा रस्त्यावर आहे. आत फक्त मी आणि तुम्ही."

डबा पळू लागला. एकशे दहा, एकशे वीस, एकशे चाळीस. एकशे पन्नास, एकावन्न, बावन्न.

खल्लास. २०९७१५२.

"अगं बाई!" गंगव्वा म्हणाली. "ती तर तिकडे आहे!"

"स्वामी, आता सुरू करा," टीचर म्हणाली. "कापड नको. हात लावू नका. नुसते मंत्र."

स्वामींनी मंत्र म्हटले. पॉझिटिव्ह झालं, निगेटिव्ह झालं, न्यूट्रल झालं. डबा ढिम्म. मागून एक म्हातारी पुटपुटली, "आज लाइन नाही वाटतं देवाची."

"ही बाई नास्तिक आहे!" स्वामी ओरडले. "तिच्यामुळे देव रुसला!"

"देव रुसला असेल तर तायम्मा समजूत काढेल. तायम्मा, ये गं!"

ती आली. दारातल्या जंतू मारायच्या चुन्यात पाय बुडवून आत शिरली. टीचरने डब्याच्या कडेचं बटण दाखवलं. तायम्माने दाबलं. टिक. सोडलं. टिक. शून्य, एक, दोन, तीन. फुस्स.

कापडाखालून ऐकलेलं तेच टिक सगळ्यांना आठवलं. स्वामी चप्पल शोधत होते.

"डबा बनवणाऱ्यांना मी कळवलंय," टीचर म्हणाली. "दशांश मिळवू नका, पूर्ण टिचक्या मोजा: एक, दोन, तीन. पूर्ण आकडा असा गळत नाही. तोवर आठवड्यातून एकदा बंद करून चालू करा. झाला मंत्र."

मेहुण्याने घसा खाकरला. "टीचर, कळलं सगळं. तरी एक नारळ फोडायला काय जातं?"

"फोड की. चटणी कर."

लोक हसले. हसले खरे, पण तायम्मा हसली नाही. मेहुणा तिला म्हणाला, "उद्यापासून ये हं. झालं गेलं विसर."

"विसरेन," ती म्हणाली. "अण्णा, मी खोटं बोलत नाही हे तुम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं. याच गावची आहे मी. तरी मला खरं ठरवायला एका डब्याला खोटं ठरवावं लागलं." मग ती थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. "उद्या माझ्या पाळीचा दुसरा दिवस आहे. येते मी. चालणार असेल तर सांगा."

कोणी बोललं नाही. त्या शांततेची मला अजून चीड येते. सगळ्यांना समजलं होतं, आणि एकाच्याही तोंडून "ये" निघत नव्हतं. शेवटी गंगव्वा पुढे झाली, रडवेल्या आवाजात म्हणाली, "ये गं तायम्मा. मीही लपवून कितीदा आलेय आत. माझे किडे काय मेले?"

तायम्मा दुसऱ्या दिवशी आली. हात धुतले, पाय चुन्यात बुडवले आणि पान चिरलं. रोग घाणेरड्या हातापायांनी येतो, बाईच्या असण्याने येत नाही. पिल्लं जेवली, वाढली, गावभर गेली.

म्हणून सांगतो. कुठलंही यंत्र अडलं, कुठलंही पीक बसलं आणि कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवलं, तर आधी विचारा: तेव्हा आणखी काय बदललं होतं? बोट दाखवणाऱ्याला कापड कशाला लागतं? कापड काढून तेच पुन्हा करून दाखवता येतं का? उत्तर मिळेपर्यंत माणसाला उंबऱ्याबाहेर वाढू नका. यंत्राची चूक बटणाने पुसली जाते. उंबऱ्याबाहेर वाढलेलं ताट कुठल्याच बटणाने आत येत नाही.