कोरी पट्टी

पुरस्काराचं पत्र ताईने मोठ्याने वाचून दाखवलं, तेही दोनदा. "खेळातील नीती आणि माणसाचा सन्मान जपल्याबद्दल." सख्ख्या भाचीच्या उडीला लाल झेंडी दाखवणारी पंच, म्हणून क्रीडा संघाने माझी निवड केली होती. ताईने लगेच भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून फ्रेमसाठी जागा केली.

ती भाची म्हणजे आमचा नाकतोडा. घरात तिला हेच नाव, कारण अंगात पाय सोडले तर दुसरं काही नाही. ती कोपऱ्यात बूट पुसत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मावशी, तू बरोबरच केलंस. पाय माझाच पुढे गेला. म्हणून तर आठ महिने वीतभर मागून धावतेय."

हे मला ठाऊकच नव्हतं. वीतभर मागून धाव सुरू केली की उडीही फळीच्या वीतभर अलीकडूनच पडते, आणि उडी मोजतात फळीपासून. म्हणजे पोरगी दर उडीला वीतभर अंतर फुकट घालवत होती. आणि रविवारी पुन्हा निवड चाचणी होती.

लांब उडीच्या पंचाचं काम सोपं असतं. फळीच्या पुढच्या कडेला मऊ मेणाची पट्टी असते. बूट पुढे गेला तर तिच्यावर ठसा उमटतो, मग लाल झेंडी. पट्टी कोरी असेल तर पांढरी. चौदा वर्षं मी हे केलं, आणि तोरा असा की जगाचा न्याय माझ्याच हातात आहे! आठ महिन्यांपूर्वीच्या निवड चाचणीला दुसरे पंच आले नाहीत, म्हणून भाचीच्या गटातही मीच उभी राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, "मावशीच पंच! मग काय, मजाच आहे." माझं डोकं फिरलं. ती धावत आली तेव्हा मी तिच्या पायाकडे पाहिलंच नाही. वळून त्या बोलणाऱ्याकडे पाहिलं आणि लाल झेंडी वर केली.

मग पट्टी पाहिली. ती कोरी होती. त्याच क्षणी तोंड उघडलं असतं तर उडी मोजता आली असती. पण लोक माझ्या निष्पक्षपणाला टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या हाताने सवयीप्रमाणे मेण सपाट करायचा पत्रा फिरवून पट्टी सारखी केली. तोवर खड्ड्यातली वाळूही ओढून सपाट झाली. तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांब उडी कोणी मोजलीच नाही.

घरात हळूच सांगितलं असतं, तर तिने मला माफ करून टाकलं असतं. मला इतक्या स्वस्तात सुटायचं नव्हतं. चूक चारचौघांत केली होती, तर ती चारचौघांतच निस्तरायला हवी होती.

क्रीडा संघाच्या सचिवांना मात्र आधी जाऊन सांगितलं. ते खुर्चीत सरळ झाले. "अहो बाई, आठ महिने झाले. निकाल काही बदलत नाही. कशाला उकरून काढताय?"

"पोरीच्या डोक्यातला निकाल बदलतो ना."

"झेंडी पुन्हा हातात मिळणार नाही, सांगून ठेवतो."

"नका देऊ," मी म्हटलं आणि उठले. जिना उतरेपर्यंत बेत ठरला होता.

शुक्रवारी दुपारी मैदानालगतच्या सभागृहात माझं नाव पुकारलं. मी पदक घेतलं नाही, माइक घेतला. "त्या दिवशी मी पाय पाहिला नव्हता. लोक काय म्हणतील या भीतीने लाल झेंडी दाखवली. पट्टी कोरी होती. उडी बरोबर होती. हा सन्मान माझा नाही." टाळी एकही वाजली नाही. ताईने तोंडावर हात ठेवला. नाकतोडा उठला आणि दार आपटून बाहेर गेला.

मी मागोमाग मैदानावर गेले. ती धावपट्टीच्या कडेला बसून धाव सुरू करायच्या खुणेची चिकटपट्टी नखांनी खरवडत होती. डोळे लाल झाले होते.

"आठ महिने, मावशी! रोज स्वतःच्या पायाला शिव्या घातल्या मी."

"माहीत आहे," मी म्हटलं. "माफी मागत नाही. मागायला तोंडच नाही."

तिने चिकटपट्टी वीतभर पुढे लावली आणि अंगठ्याने दाबून बसवली. "फळीपाशी उभी राहा," ती म्हणाली. "आणि आता पायाकडे बघ."

मी उभी राहिले. रविवारच्या चाचणीसाठी मेणाची पट्टी आणि पत्रा तिथे आधीच आणून ठेवले होते. ती धावत आली. मागे सभागृहातून माणसं बाहेर पडत होती, काहीतरी बोलतही होती. मी मान वळवली नाही. बूट फळीवर आदळला आणि ती वाळूत जाऊन पडली.

माझा हात सवयीने पत्र्याकडे गेला. मी तो मागे घेतला.

"ये," मी हाक मारली. "आधी तू बघ."

ती वाळू झटकत आली, गुडघ्यांवर बसली आणि पट्टीवरून बोट फिरवत राहिली. पट्टी कोरी होती.