मान जरा डावीकडे

"हनुवटी खाली. अजून थोडी. एवढी नको, काय जमिनीवर सांडलंय का तुझं?" फोटोवाले कॅमेऱ्यामागून म्हणाले आणि स्टुलावर बसलेली चष्मेवाली मुलगी खुदकन हसली. "हसायचं नाही. ओळखपत्रावर हसरी माणसं ओळखू येत नाहीत."

हा त्यांचा ठेवणीतला विनोद होता. दुकान उघडल्यापासून तोच चालू होता आणि गिऱ्हाईक दर वेळी नवं असल्यामुळे तो खपूनही जात असे. तो पाठ झालेलं माणूस दुकानात एकच होतं, त्यांची मुलगी. ती पडद्याच्या अलीकडे, संगणकाच्या टेबलामागे फोनमध्ये डोकं घालून बसली होती. विनोदाला तिनं मानही वर केली नाही.

मुलीला घरी टिटवी म्हणत. लहानपणी ती सकाळी डोळे उघडल्यापासून जी बोलायला लागायची ती झोपेपर्यंत, म्हणून हे नाव पडलं. आता चौदाव्या वर्षी नाव तेवढं उरलं होतं. शाळेतून ती थेट दुकानात यायची, कोपरा धरायची आणि विचारलेल्याला "हं" किंवा "माहीत नाही" यातलं एक उत्तर द्यायची. तिच्या डाव्या गालावर कानापासून जबड्यापर्यंत जन्मखूण होती, कोऱ्या चहाच्या रंगाची. त्यावर ती केस ओढून ठेवी, ते सरकले की पुन्हा ओढी. मैत्रिणींच्या वाढदिवसाला तिनं जाणं सोडलं होतं. डबाही एकटीच खायची, असं वर्गशिक्षिकेनं सांगितलं होतं.

मात्र संध्याकाळी खोलीचं दार लावून ती फोनवर व्हिडिओ लावून बोलू लागली की जुनी टिटवी परत येई. वेगवेगळ्या शाळांतल्या पाच जणींचा एक गट होता. चित्रं काढायच्या, एकमेकींना दाखवायच्या आणि खिदळायच्या. दाराबाहेरून तो आवाज ऐकताना फोटोवाल्यांना बरंही वाटे आणि हेवाही वाटे. आपल्या वाट्याला "हं" आणि त्या फोनच्या डबड्याच्या वाट्याला अख्खी पोरगी, हे काही त्यांना पटत नव्हतं.

"झालं. उद्या संध्याकाळी घेऊन जा," ते चष्मेवालीला म्हणाले. "डागबिग असतील तर काढून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

याच गोष्टीवर त्यांचं दुकान चाललं होतं. पुटकुळ्या, कांजण्यांचे खड्डे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं ते न सांगता साफ करत. माणूस दुकानातून जाताना आला त्यापेक्षा जरा बरा होऊन जावा, एवढीच त्यांची इच्छा असे, आणि यात काही वाईट आहे असं त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

चष्मेवाली दारापर्यंत गेली आणि शोकेसपाशी थबकली. तिथं मधोमध टिटवीचा मोठा फोटो होता, याच वर्षी काढलेला. मान किंचित डावीकडे वळलेली, केस मागे, दोन्ही गाल नितळ.

"काका, ही तर आमची निळी!" ती ओरडली. "आमच्या गटातली! सगळी चित्रं निळ्या रंगात काढते म्हणून निळी. तुम्ही कसे ओळखता हिला?"

फोटोवाल्यांचा चेहरा फुलला. अरे वा, ही बघ की इथंच बसलीय, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात त्यांनी टेबलाकडे पाहिलं.

टिटवीनं ओठ घट्ट मिटले होते. आवाज फुटला तर ओळखली जाईल, या धाकानं ती श्वासही जपून घेत होती. केस तिनं मुठीत धरून गालावर दाबले होते. तिनं बापाकडे बघून नको अशी मान हलवली, दिसेल न दिसेल इतकीच.

"ती होय?" फोटोवाले म्हणाले. "गिऱ्हाईक आहे. येते कधीकधी."

"भेटली तर सांगा हं, रविवारी यायचंय म्हणजे यायचंय. वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचं प्रदर्शन आहे. सगळ्याजणी पहिल्यांदाच भेटणारोत आणि ही बाईसाहेब म्हणते, जमणार नाही. काय भाव खाते!"

टेबलामागच्या मुलीकडे तिनं जाताजाता नजर टाकली. अनोळखी माणसाकडे टाकतात तशीच, आणि ती निघून गेली.

दुकानात नुसता पंख्याचा आवाज राहिला. स्वतःच्या पोटच्या पोरीला आपण गिऱ्हाईक म्हणालो, हे त्यांचं त्यांनाच डाचत होतं. आणि माणसाला स्वतःचा राग आला की तो हाताशी असलेल्या वस्तूवर काढतो, तसा त्यांनी तो फोनवर काढला.

"हे सगळं या डबड्यामुळे! काय दाखवतेस तू त्या पोरींना? ती तुझ्यासमोरून गेली आणि तिनं तुला ओळखलं नाही!"

"फिल्टर असतो त्यात," टिटवी म्हणाली. "आपोआप पुसलं जातं. बोलत असतानापण."

"मग खोटंच ना ते? बंद करून टाक. उद्यापासून फोन माझ्याकडे."

"घ्या." तिनं फोन टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. "पण तिनं फोनमधली निळी नाही ओळखली, बाबा. तुमच्या शोकेसमधली ओळखली. दोघी सारख्याच आहेत."

फोटोवाल्यांनी शोकेसकडे पाहिलं.

"फोन मला मागच्या वर्षी मिळाला. तुम्ही तर मी पाळण्यात असल्यापासून पुसताय."

"अगं, तसं नाही. लोक विचारतात, मग तुलाच वाईट वाटायला नको म्हणून..."

"मला एक फोटो दाखवा," ती म्हणाली. "डागवाला. कुठल्याही वर्षाचा चालेल. एकच."

"हात्तिच्या! त्यात काय, ढिगानं असतील."

ते संगणकापुढे बसले. टिटवीचा वेगळा कप्पा होता आणि तो त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपला होता. पहिलं पाऊल, पहिला दात, पडलेला दात, शाळेचा पहिला दिवस, तापातून उठलेली, सायकलवरची, समुद्रावरची. एकेक फोटो मोठा करून ते पुढे जात होते. गाल नितळ. गाल नितळ. एकात सावली पडली होती म्हणून त्यांना आशा वाटली, तर ती झाडाची निघाली. काम झालं की पुसलेला फोटो मूळ फोटोच्याच जागी साठवायचा, उगाच जागा अडवायची नाही, ही त्यांची धंद्यातली शिस्त होती. ती त्यांनी घरातही पाळली होती.

मध्ये गिऱ्हाइकं येऊन गेली. दिवे लागायची वेळ झाली. टिटवी दप्तर उचलून उठली.

"असू दे, बाबा," ती म्हणाली. यात राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, "तुझ्या फोनमध्ये आहे का गं एखादा?"

ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून येत. पाय चोळता चोळता ती म्हणाली, "अहो, घरात फोटोग्राफर असताना मी कशाला काढतेय? आणि काढले ते फोननंच गुळगुळीत करून टाकले. माझ्यासुद्धा सुरकुत्या खातो तो." मग जरा थांबून म्हणाली, "तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोला मी म्हटलं होतं तुम्हाला, कशाला पुसलंत? तुम्ही म्हणालात, तुला त्यातलं काय कळतंय."

असं म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. पण असं म्हणणारा माणूस आपणच, हे त्यांना लगेच ओळखू आलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्यांनी पहिल्यांदा शोकेसमधला मोठा फोटो काढला. मागच्या कापडाचा रंग उन्हानं उडाला होता, फोटोखालचा तेवढा चौकोन गडद राहिला होता. तिथं दुसऱ्या कुणाचा फोटो लावावा असं काही त्यांना वाटेना, म्हणून त्यांनी तो तसाच राहू दिला.

टिटवी शाळेतून आली. रिकामा चौकोन तिनं पाहिला असणारच. ती कोपऱ्यात जाऊन बसली. फोन टेबलावर कालच्याच जागी पडून होता, तो तिनंही उचलला नव्हता आणि त्यांनीही.

संध्याकाळी चष्मेवाली आली. फोटोवाल्यांनी पाकीट दिलं. तिनं फोटो बाहेर काढून नाकाशी धरले.

"काका, माझी खोक कुठे गेली? इथली, भुवईवरची?"

"ती साफ केली. म्हटलं होतं ना, वेगळे पैसे नाहीत."

"अहो, पण ती माझी आहे!" ती म्हणाली. तक्रारही नव्हती त्यात, छत्री विसरलेलं माणूस बोलतं तसं बोलली. "झोपाळ्यावरून पडले होते मी. भाऊ अजून चिडवतो मला. परत घाला ना."

नशिबानं कामाच्या गर्दीत तिचा मूळ फोटो कॅमेऱ्यात तसाच राहून गेला होता. "देतो परत काढून," फोटोवाले म्हणाले. छपाईचं यंत्र सुरू झालं. कागद बाहेर येईपर्यंत ते यंत्रापाशी उभे राहिले. कालचं खोटं तसंच पोटात ठेवलं तर ही पोरगी आता जाईल आणि संपलं. आणि बोलून टाकलं तर कोपऱ्यात बसलेली मुलगी आपल्याला कधी माफ करणार नाही. हे सांगायचा हक्क आपला की तिचा, तेही त्यांना ठरवता येईना.

"काल मी तुझ्याशी खोटं बोललो," शेवटी ते म्हणाले. "तो फोटो गिऱ्हाइकाचा नव्हता. माझ्या मुलीचा होता. यापुढचं तीच सांगेल. सांगायचं असलं तर."

चष्मेवालीला काही उमजेना. तिनं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात खुर्ची सरकली. टिटवी उठून उभी राहिली होती. मग तिनं केस कानामागे घेतले.

"मीच निळी आहे," ती म्हणाली.

चष्मेवाली बघतच राहिली. गालाकडेच बघितलं तिनं, आणि जरा जास्तच वेळ. नाही बघितलं असं म्हणता यायचं नाही. टिटवीचे कान लाल झाले, पण तिनं केस पुन्हा ओढले नाहीत.

"म्हणजे काल तू इथंच बसली होतीस?"

"हो."

"आणि एक शब्द बोलली नाहीस? मी तुला एवढी ओळखते, माझ्या आजीच्या आजारपणाचंसुद्धा तुला सांगितलंय, आणि तू माझ्यासमोर ठोंब्यासारखी बसून राहिलीस?" चष्मेवाली खरोखरच चिडली होती. "मी बाहेर जाऊन आईला सांगितलं, निळीचा फोटो पाहिला म्हणून. वेडीच ठरले ना मी!"

"मला वाटलं, तू..."

"काय वाटलं? काहीही वाटून घेतेस." ती पाकीट उचलून दाराशी गेली आणि तिथून वळून म्हणाली, "रविवारी येणार नसलीस तर मी खरंच बोलणार नाही तुझ्याशी. आणि काका, तुम्हीपण काही कमी नाही."

दार लागल्यावर टिटवी खाली बसली आणि रडली. बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "वाचनालयाच्या हॉलला कुठल्या रस्त्यानं जातात?"

रविवारी ते तिला घेऊन गेले. हॉलच्या पायऱ्यांवर चौघीजणी वाट बघत होत्या. एकीनं टिटवीकडे बघून नजर चटकन दुसरीकडे वळवली, एकीनं हसून मिठी मारली, चष्मेवालीनं अजून थोडासा रुसवा ठेवला होता. फोटोवाले मागे, गाडीपाशी उभे होते. टिटवीनं वळून त्यांच्याकडे बोट केलं.

"हे माझे बाबा," ती म्हणाली.

गळ्यात कॅमेरा बघून पोरींनी लगेच फोटोचा हट्ट धरला. "आणि काका, काही पुसायचं नाही हं!" चष्मेवालीनं बजावलं.

पाच जणी पायरीवर उभ्या राहिल्या. फोटोवाल्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. टिटवी कडेला होती आणि कुणी न सांगताच तिची मान डावीकडे वळली होती. मान जरा डावीकडे, असं ते तिला इतकी वर्षं सांगत आले होते की आता सांगायची गरजच राहिली नव्हती. त्यांनी कॅमेरा खाली घेतला.

"टिटवे," ते म्हणाले, "समोर बघ."

तिनं समोर बघितलं. त्यांनी बटण दाबलं.

पोरी कॅमेऱ्याभोवती गोळा झाल्या, हसल्या, एकमेकींना नावं ठेवून आत पळाल्या. टिटवी मागे राहिली. त्या इवल्या पडद्यावर तिनं स्वतःला बोटानं मोठं करून पाहिलं, निरखून, नव्या माणसाकडे बघतात तसं.

"बाबा, मी लहान असताना हा डाग एवढाच होता का? की माझ्याबरोबर वाढला?"

फोटोवाले आठवू लागले. पाळण्यातली टिटवी त्यांना दिसत होती, सायकलवरची दिसत होती, समुद्रावरची दिसत होती. सगळीकडे गाल नितळ होता.

"आईला विचार," ते म्हणाले. "तिला माहीत असेल."

टिटवीनं कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि ती आत गेली.