मागेल त्याला किल्ली

व्हँकुव्हरच्या ऑफिसात मॉर्वेनाने हॉकी सामन्याच्या प्रक्षेपणाला डिजिटल कुलूप घातलं, वर्गणी भरणाऱ्यांनाच ते दिसावं म्हणून. प्रेक्षकांना त्याच्या किल्ल्या पुरवणाऱ्या सर्व्हरचा पत्ता सेटिंगमध्ये भरला आणि पडद्यावर लख्ख चित्र झळकलं.

“पहिल्याच फटक्यात!” ती म्हणाली.

“म्हणूनच भीती वाटते,” शेजारचा डग्लस पुटपुटला.

“तुझ्या तोंडून कधी चांगलं निघेल तर शपथ!”

तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. “पोरी, काय झकास दिसतंय गं! आणि वर्गणीसुद्धा भरावी लागली नाही!”

मॉर्वेनाने पुन्हा सेटिंगमध्ये पाहिलं. तिने भरलेला पत्ता मागेल त्याला किल्ली देणाऱ्या चाचणीच्या सर्व्हरचा होता. तिने घाईघाईने खरा पत्ता भरला.

पुन्हा फोन वाजला. “ऐन गोलच्या वेळी सगळं काळं झालं!” बाबा कडाडले. “कुठल्या गाढवाने केलं हे?”

“मीच, बाबा!” ती खुर्चीतच नाचत म्हणाली.