कॅफेटेरिया प्लॅन नको, मी डबा आणते

मोहनला दुकान मिळणार होतं! त्यानं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी कामावर मेणबत्त्या पॅक करत होते, आणि आनंदाच्या भरात व्हॅनिलाच्या खोक्यात मी दालचिनीच्या मेणबत्त्या भरल्या. एक नाही, चांगली रांगभर खोकी. ती पुन्हा उघडताना मला हसू येत होतं आणि शेजारची बाई माझ्याकडे संशयानं बघत होती.

हे दुकान वूस्टरमधलं, सॅल नावाच्या म्हाताऱ्याचं. पियानो दुरुस्तीचं. मोहन माझा नवरा, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरवाला, पण जीव सगळा हार्मोनियमच्या पेट्यांत. इथल्या थंडीत घराघरात हीटर सुरू झाले की पेटीचं लाकूड आक्रसतं, भाता फुसफुसतो, सूर भरकटतात. मग श्रूजबरीपासून न्यू जर्सीपर्यंतची भजनी मंडळी आमच्या तळघरात पेट्या आणून टाकतात. तळघरात पाय ठेवायला जागा नाही. त्यातूनच मोहनची सॅलशी ओळख झाली, आणि दर शनिवारी हा गृहस्थ त्याच्याकडे पियानोचं काम शिकायला जाऊ लागला. सॅल आता फ्लोरिडाला लेकीकडे निघाला होता. त्यानं मोहनला सांगितलं, "दुकान तू घे, हत्यारं घे, गिऱ्हाइकं घे. तुझ्या हातासारखा हात मला दुसरा मिळायचा नाही. फक्त जूनअखेर हो किंवा नाही सांग, नाहीतर मालक ती जागा नेल सलूनला देतोय."

हो म्हणायला मोहन उतावळा झाला होता. नोकरी सोडायलाही तयार होता. साठवलेलं थोडं होतं, दुकानाचं काम हातात होतं, घर चाललं असतं. घोडं अडलं होतं ते इन्सुलिनपाशी. मोहनला कॉलेजात असल्यापासून मधुमेह आहे, सुयांवाला. इन्सुलिन नाही तर मोहन नाही, इतका साधा हिशेब. आणि इन्सुलिन येतं विम्यातून, विमा येतो त्याच्या नोकरीतून. माझी कंपनी फुल-टाइम लोकांना विमा द्यायची, आणि मी पार्ट-टाइम. आमची लेक रुचा शाळेतून यायच्या आत घरी यायचं म्हणून मीच मागून घेतलेलं काम ते. दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वतंत्र विम्याची चौकशी केली होती. फोनवरच्या बाईनं हप्त्याचा आकडा सांगितला तेव्हा मोहनला वाटलं ती वर्षाचा सांगतेय. ती महिन्याचा सांगत होती.

म्हणून फोन ठेवल्यावर हसता हसता मी मनात पुन्हा त्या हप्त्याचा हिशेब करत होते. हातातोंडाशी आलेला घास, आणि मध्ये एवढीशी काचेची बाटली.

त्याच दिवशी, नेमकं त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत लिंडा माझ्याकडे आली.

लिंडा म्हणजे आमच्या कंपनीची एचआर. तिचं आणि माझं आधीच बिनसलेलं होतं. त्याचं कारण मेथी. मी मायक्रोवेव्हमध्ये मेथीची भाजी गरम केली की दुसऱ्या दिवशी तिथे चिठ्ठी लागायची: कृपया इतरांचा विचार करा. चिठ्ठीवर नाव कुणाचंच नसायचं, पण अक्षर लिंडाचं होतं. खाली कॅफेटेरियात दिवसभर जळक्या चीजचा आणि गोमांसाचा वास भरलेला असतो त्याचं काही नाही, आणि माझी लसणाची फोडणी मात्र यांच्या नाकाला झोंबते! मी डबा आणणं थांबवलं नाही. उलट त्या आठवड्यात सुकटही आणली.

तर लिंडा हसत हसत आली, हातात कागद, आणि माझ्या नावाचं नेहमीसारखं वाटोळं करत म्हणाली, "शायला, तुझ्यासारख्या पार्ट-टाइम लोकांसाठी आम्ही जुलैपासून कॅफेटेरिया प्लॅन सुरू करतोय. पगारातूनच पैसे कापले जातील. तुला घ्यायचाय का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे चिठ्ठ्यांनी जमलं नाही, तर आता पगार कापून मला यांच्या कॅफेटेरियात जेवायला बसवणार!

"थँक यू," मी म्हणाले, "मी डबा आणते."

लिंडा गोंधळली. "त्याचा काय संबंध?"

"संबंध आहे. मी माझं स्वतःचं आणते. रोज आणते. पुढेही आणणार. मला तुमचा कॅफेटेरिया प्लॅन नको."

"घरी तुझी सोय आहे का वेगळी?"

"आहे म्हणजे? उत्तम आहे! सकाळी सहाला उठून करते मी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली की नको असेल तर इथे सही करावी लागेल, कायदाच आहे तसा. डबा आणायलाही या देशात सही लागते म्हटल्यावर मी खांदे उडवले आणि अशी झोकदार सही ठोकली की पेनानं कागद फाटायचा राहिला. मग चवीनं मेथी खाल्ली. फार दिवसांनी जेवण एवढं गोड लागलं.

संध्याकाळी बेल वाजली, उघडलं तर मोहन दारातच उभा. केस विस्कटलेले, हातात वर्तमानपत्र, डोळे असे लकाकत होते की मला वाटलं साखर खाली गेली.

"शैलू, बस. नाही, उभीच राहा. ऐक!"

आमच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात नवा कायदा आला होता ते आम्हाला वरवर ठाऊक होतं. जुलैपासून प्रत्येकाकडे आरोग्यविमा हवाच, नसला तर दंड, एवढंच आम्ही ऐकलं होतं आणि वैतागलो होतो. पुढचं मोहननं आज वाचलं होतं. थोडी माणसं असलेल्या कंपन्यांनासुद्धा आता पार्ट-टाइम लोकांसाठी सोय करून द्यावी लागणार होती. कंपनीनं स्वतः पैसे घातलेच पाहिजेत असं नाही, पण पार्ट-टाइमवाल्याला राज्याच्या नव्या बाजारातून विमा निवडता येणार, आणि हप्ता कंपनी पगारातून कापून पाठवणार, तोही टॅक्स लागायच्या आधी. हप्तेही आधीपेक्षा खूप खाली आले होते. आजारी माणसाला नाही म्हणायची मुभा नाही. आणि घरच्यांनाही त्यात घेता येतं.

"घरच्यांना म्हणजे मला!" मोहन ओरडला. "तुझ्या नोकरीवर माझं इन्सुलिन! तुझा पगार जवळजवळ सगळा त्यात जाईल, यार, पण जाऊ दे ना! मी उद्या राजीनामा देऊ?"

मी त्याला मिठीच मारली. रुचा वरून ओरडली, "व्हॉट हॅपन्ड? डिड समवन डाय?"

"नाही गं, तुझ्या बाबाला दुकान मिळालं!" मी ओरडून सांगितलं. ती धडधडत खाली आली आणि आम्ही तिघंही त्या पॅसेजमध्ये वेड्यासारखे उड्या मारू लागलो. खालून एका पेटीचा सूर आपोआप वाजला, कुठलीशी पट्टी अडकली असणार.

"तुमच्या कंपनीनं सांगितलंच असेल तुला," मोहन धापा टाकत म्हणाला. "सांगावंच लागतं त्यांना."

"कुठलं सांगतायत! त्यांना फक्त माझ्या भाजीचा वास कळतो. उद्या जाऊन त्या लिंडाला विचारतेच. कायदा आहे म्हणावं. आज आली होती, तर म्हणे जेवणाचे पैसे पगारातून कापू."

मोहनच्या उड्या थांबल्या. "जेवणाचे?"

"कॅफेटेरिया प्लॅन म्हणे. मी चांगलं ठणकावलं. सही करून दिली, नको म्हणून."

मोहन हळूच सोफ्यावर बसला. त्यानं वर्तमानपत्र उलगडलं, बोट फिरवलं आणि एका ओळीवर ठेवलं. "शैलू," तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ह्या सोयीचं नाव कॅफेटेरिया प्लॅन आहे."

कुणी ठेवलं असेल हे नाव? जेवणाच्या जागेचं नाव आजारपणाच्या विम्याला! आमच्याकडे कुणी औषधाच्या दुकानाला खानावळ म्हणतं का? मी खूप बोलले. सरकारला बोलले, लिंडाला बोलले, मोहनलाही बोलले की तू काल का नाही वाचलास पेपर. रुचा आधी हसली, मग तिनं माझा चेहरा पाहिला आणि ती वर निघून गेली. मोहननं मात्र पेपराची नीट घडी घातली. तो तळघरात गेला आणि ती अडकलेली पट्टी काढत बसला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी लिंडा गाडीतून उतरली तेव्हा मी पार्किंगमध्येच उभी होते.

"लिंडा, मी काल जेवणाला नाही म्हटलं. विम्याला नाही!"

तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं गाडीच्या टपावर हात ठेवला आणि ती हसायला लागली. इतकी हसली की तिचा चष्मा खाली आला. "डबा! म्हणून तू डबा डबा करत होतीस!" तिनं सांगितलं की यात ट्रे घेऊन हवं ते उचलावं तसं हवं ते निवडायचं असतं म्हणून त्याला कॅफेटेरिया म्हणतात. मी म्हटलं, नाव ठेवणारा माणूस त्या दिवशी उपाशी असणार. पण पुढच्याच क्षणी तिचं हसू गेलं. "शायला, कुणाला हवा, कुणाला नको ती यादी मी कालच पाठवली."

माझ्या डोळ्यांपुढे नेल सलूनची पाटी आली. पण मी म्हटलं, "मग परत मागव."

तिनं ऑफिसात येऊन फोन लावला. फोनवर वाट पाहायला लावणारं संगीत सुरू झालं, बेसूर पियानो. आम्ही दोघी ते ऐकत उभ्या. तिनं विचारलं, एवढी घाई कसली? आणि मी, जिनं या बाईशी वर्षभर वासाखेरीज कशावरही बोलणं केलं नव्हतं, तिला सगळं सांगितलं. सॅलचं दुकान, पेट्या, इन्सुलिन, नेल सलून. एका दमात सांगितलं. माझं इंग्रजी चिडल्यावर आणि घाबरल्यावरच उत्तम होतं. लिंडा ऐकत राहिली. मग पलीकडून कुणीतरी फोन घेतला आणि तिचा आवाज एकदम बदलला. अशी काही भांडली ती त्या माणसाशी, की मला तिच्याबद्दल आदर वाटला. "पहिला हप्ता कापलेला नाही ना? मग बदल करता आला पाहिजे! नाही, मी थांबते. तुमच्या वरच्यांना विचारा. मी थांबतेय!"

पुन्हा पियानो. आणि मग लिंडानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला.

मी ओरडलेच! आख्खं पॅकिंग डिपार्टमेंट माना वळवून बघायला लागलं. लिंडानं नवा कागद माझ्यापुढे सरकवला. वर मोठा चौकोन: सबस्क्रायबर, म्हणजे ज्याच्या नावावर विमा तो. त्याखाली: डिपेंडंट, त्याच्यावर अवलंबून असलेले.

तो शब्द पाहिला आणि माझं पेन थबकलं. नागपूरला मी बँकेत होते, माझ्या सहीनं लोकांची कर्जं मंजूर व्हायची. मोहनशी लग्न करून इथे आले तेव्हा माझ्या व्हिसावर हाच शब्द होता. बँकेत खातं उघडताना काउंटरवरचा पोरगा म्हणाला, यू आर द डिपेंडंट, राइट? दवाखान्यात तेच, आरटीओत तेच. ग्रीन कार्ड येईपर्यंत काम करायची परवानगी नव्हती आणि प्रत्येक खिडकीवर मी दुसऱ्या चौकोनातली. आता पहिल्या चौकोनात मी माझं नाव लिहिलं, शैलजा, आणि खाली मोहन आणि रुचा. अक्षर छान आलं.

घरी जाताना मात्र मनात धाकधूक होती. माणूस कितीही चांगला असला तरी अमरावतीचा, थोरला मुलगा, सगळ्यांना पोसायची सवय. त्याला हा शब्द बोचला तर? मोहननं कागद पाहिला, "झालं?" एवढंच विचारलं, मी मान हलवल्यावर सरळ सॅलला फोन लावला आणि नुसतं "येस, येस, येस" करत बसला. तो शब्द त्यानं वाचला की नाही, मला कळलं नाही.

जुलैच्या पहिल्याच आठवड्यात कार्डं आली. त्याच संध्याकाळी आम्ही इन्सुलिन आणायला गेलो. मोहनच्या बोटांना दुकानातल्या सरसाचा वास येत होता. औषधांच्या खिडकीशी रांग होती. त्यातले दोघं आपल्याकडचेच, मोहनच्या जुन्या ऑफिसातले, राइट एड या औषधांच्या दुकानात नेहमी भेटणारे. खिडकीतल्या मुलीनं नवं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "सर, आर यू द सबस्क्रायबर?"

मी पुढे होऊन म्हणणार होते, की मी आहे.

"नो," मोहन म्हणाला, चांगलं रांगेला ऐकू जाईल असं. "शी इज. आय अ‍ॅम द डिपेंडंट."

आणि हसला. दुकानाची बातमी सांगताना फोनवर हसला होता तसाच.

पिशवी घेऊन आम्ही गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली, पण तो पट्टा न लावताच माझ्याकडे वळला.

"शैलू," तो म्हणाला, "एकदाच म्हटला मी तो शब्द, तर बोचला गं. तू हा शब्द इतकी वर्षं कसा ऐकून घेतलास?"

"घेतला कुठे?" मी म्हटलं. "प्रत्येक खिडकीवर भांडले की! तू तेव्हा म्हणायचास, शैलू, जाऊ दे ना."

त्यानं माझा गिअरवरचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.